दुर्मिळ फटफट्या आणि त्यांचें मोल

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथें बॉनम्स या लिलांव करणाऱ्या पेढीनें जुन्या मोटारसायकलींची एक विक्री केली. तींत ब्रफ सुपीरियर नांवाच्या कारखान्याच्या आठ गाड्या होत्या. कॉर्नवॉल परगण्यांतील एका खेड्यांत, कोठारांच्या अंधारांत, या गाड्या पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून होत्या. कांहींचे भाग सुटे होऊन ढिगांत मिसळलेले, कांहींवर गंज चढलेला. आपल्याकडील भंगारवाल्यानें वजनावर दर सांगितला असता, अशी त्यांची दशा. या आठ गाड्यांस मिळून साडेसात लक्ष पौंडांहून अधिक रक्कम आली. आणि त्यांतील १९३८ सालची चार सिलिंडरांची एक गाडी एकटीच ३,३१,९०० पौंडांस गेली. लिलांवांत विकल्या गेलेल्या ब्रिटिश मोटारसायकलींत त्या वेळीं तो उच्चांक ठरला.

ही हकीकत वाचली तेव्हां आमच्या मनांत साहजिकच असा प्रश्न उभा राहिला कीं, एवढी रक्कम मोजणाऱ्यानें विकत घेतलें तरी काय? वाहन म्हणावें, तर तें चालत नव्हतें. शोभेची वस्तु म्हणावी, तर तिला शोभा उरली नव्हती. आणि नुसतें लोखंड म्हणावें, तर इतकें महाग लोखंड जगाच्या पाठीवर कोठें नसेल. फटफटीसारखा विषय निबंध-परीक्षणांच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु जुन्या वस्तूची किंमत कशी ठरते, तिचा अस्सलपणा कशानें सिद्ध होतो, आणि जी वस्तु दुर्मिळ आहे ती केवळ त्याच कारणानें थोर होय काय, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. जुनीं नाणीं, जुनीं चित्रें व जुने कागद यांच्याविषयीं ते आपण नेहमीं विचारतों. ते एकदां या लोखंडी प्राण्याविषयीं विचारून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या कथेचा आरंभ बापलेकांच्या मतभेदांत आहे. नॉटिंगहॅम शहरीं विल्यम ब्रफ हे गृहस्थ स्वतःच्या नांवानें मोटारसायकली तयार करीत. त्यांचा मुलगा जॉर्ज (जन्म १८९०) हा शर्यतींचा शोकी. सर्वांत वेगवान व सर्वांत देखणी अशी गाडी आपण करावी, मग ती कितीही महाग पडो, असा त्याचा ध्यास. वडिलांचें व त्याचें या बाबतींत पटेना. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं त्यानें निराळा कारखाना काढला, आणि आपल्या गाडीस ‘ब्रफ सुपीरियर’, म्हणजे ‘श्रेष्ठ ब्रफ’, असें नांव दिलें. तें ऐकून, मग आमची गाडी आतां कनिष्ठ ब्रफ झाली म्हणावयाची, असें थोरले ब्रफ उद्गारले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तींत त्या घरांतील हवा बरोबर उतरली आहे.

लहान कारखान्यास एंजिनापासून खिळ्यापर्यंत सर्व कांहीं स्वतः करणें परवडत नाहीं, हें जॉर्ज ब्रफ पुरतेपणीं जाणून होता. म्हणून एंजिनें त्यानें लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यांतून व पुढें मॅचलेस कारखान्याकडून घेतलीं. गिअरपेट्या स्टर्मी-आर्चर या कंपनीकडून आणविल्या. ‘हा दुसऱ्यांचे भाग जोडणारा’ अशी टीका त्याच्यावर झाली. आमच्या मतें ती अस्थानीं होती. खाणींतील सोनें सोनारानें स्वतः खणून काढलें नाहीं, म्हणून दागिन्याचें श्रेय त्याच्यापासून कोणी हिरावून घेत नाहीं. ब्रफच्या कारखान्यांत प्रत्येक गाडी दोन वेळां जोडली जाई. प्रथम सर्व भाग जुळवून कोठें घासतें, कोठें सैल बसतें, तें पाहावयाचें. नंतर ती पुनः सुटी करून भागांस रंग व मुलामा द्यावयाचा. आणि मग अखेरची जुळणी करावयाची. त्यानंतर गाडी रस्त्यावर धांवडवून तपासली जाई. १९२४ सालीं सुरू झालेल्या ‘एस. एस. १००’ या गाडीबरोबर, ती ताशीं १०० मैल वेगानें धांवते, अशी लेखी हमी गिऱ्हाइकास मिळे. शिंपी अंगाचें माप घेऊन अंगरखा बेततो, तद्वत् ग्राहकाच्या सोयीप्रमाणें हँडलाचा आकार आणि इतर बारीकसारीक गोष्टी ठरत. अशा गाड्यांची किंमत शंभरांपासून एकशें पंचाऐशीं पौंडांपर्यंत असे. त्या काळीं तेथील सामान्य माणसाची आठवड्याची कमाई तीन पौंडांच्या आसपास होती. म्हणजे वर्षभर न खातांपितां पैसा साठविला, तरच त्यास ही चैन साधावयाची! ‘दि मोटर सायकल’ या साप्ताहिकांतील एका लेखकानें या गाडीस ‘मोटारसायकलींतील रोल्स-रॉइस’ म्हटलें. चतुर जॉर्जनें तें वाक्य उचलून आपल्या जाहिरातींत घातलें. सुमारें एकवीस वर्षांत मिळून त्याच्या कारखान्यांतून अवघ्या ३,०४८ गाड्या बाहेर पडल्या, त्यांत एस. एस. १०० या जातीच्या केवळ ३८३.

या गाडीच्या ग्राहकांत एक नांव असें आहे कीं, त्यामुळें तिचा वृत्तांत यंत्रांच्या इतिहासांतून राजकीय इतिहासांत जातो. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या उठावणींत भाग घेऊन कीर्ति पावलेला टी. ई. लॉरेन्स युद्धानंतर प्रसिद्धीस विटला, आणि नांव बदलून विमानदलांत साधा शिपाई म्हणून शिरला. १९२७ च्या जानेवारींत त्याची नेमणूक कराचीस झाली. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. पुढें तो वायव्य सरहद्दीवर मिरानशाह येथें गेला. हा गुप्तहेर असून अफगाणिस्तानांतील बंडाळी यानेंच माजविली, असा गवगवा वृत्तपत्रांनीं केला. तेव्हां सरकारनें त्यास तांतडीनें परत बोलाविलें, आणि १९२९ च्या जानेवारींत मुंबई बंदरांतून तो स्वदेशीं रवाना झाला. तेथें पोंचल्यावर त्यास जी वस्तु भेट मिळाली ती ब्रफ सुपीरियर मोटारसायकल होती. नाटककार बर्नार्ड शॉ व त्यांच्या पत्नी यांचा त्या भेटींत हात होता. आपल्या गाडीस लॉरेन्सनें ‘बोअनर्जीस’ असें नांव दिलें होतें. त्याचा अर्थ ‘मेघगर्जनेचे पुत्र’. येशू ख्रिस्तानें आपल्या दोन शिष्यांस तें दिल्याचें बायबलांत सांगितलें आहे. एकामागून एक अशा सात ब्रफ गाड्या लॉरेन्सनें वापरल्या, आणि आठवी तयार होत होती.

ती त्याच्या हातीं कधींच आली नाहीं. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराजवळच, सायकलींवर चाललेल्या दोन मुलांस चुकवितांना सातव्या गाडीवरून तो फेंकला गेला, आणि सहा दिवसांनीं शुद्धीवर न येतांच वारला. त्याचें वय ४६ होतें. त्याच्या शुश्रूषेस ज्या वैद्यांस बोलाविण्यांत आलें, त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. या मृत्यूचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. डोक्यास मार लागून मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या प्रकृतीचा त्यांनीं पुढें पद्धतशीर अभ्यास केला, आणि शिरस्त्राणानें प्राण वांचतात, हें १९४१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांतील लेखांत सप्रमाण दाखविलें. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें झालें. सामान्य नागरिकांस तें होण्यास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत तशी तरतूद आहे, आणि तिच्याविरुद्ध पुण्यांत वेळोवेळीं आंदोलनें झालीं आहेत! एका फटफटीच्या अपघातानें जगांतील असंख्य लोकांचे प्राण वांचले, ही गोष्ट त्या गाडीच्या कोणत्याही किंमतींत धरलेली नसते. लॉरेन्सची ती अखेरची गाडी दुरुस्त होऊन पुनः विकली गेली, आणि आजही ती अस्तित्वांत आहे.

जॉर्ज ब्रफच्या कारखान्याचा शेवट मात्र अपघातानें झाला नाहीं. दुसरें महायुद्ध पेटल्यावर त्याच्या कुशल कारागिरांस विमानांच्या एंजिनांचे भाग घडविण्याचें काम मिळालें, आणि १९४० सालीं मोटारसायकली बंद झाल्या. युद्ध संपल्यावर त्याच्या मनास येईल असें एंजिन कोणी करीना. आणि हलक्या एंजिनाची गाडी आपल्या नांवानें विकणें त्यास रुचेना. तेव्हां कारखाना पुनः सुरूच झाला नाहीं. जॉर्ज ब्रफ पुढें तीस वर्षें जगला व १९७० सालीं वारला.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. फिलिप व्हिन्सेंट (१९०८–१९७९) या केंब्रिजला शिकलेल्या तरुणास स्वतःच्या कल्पनेची मोटारसायकल काढावयाची होती. परंतु अनोळखी नांवाची गाडी कोण घेणार? हॉवर्ड रेमंड डेव्हिस या स्वारानें १९२५ सालीं स्वतः बनविलेल्या गाडीवर आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर शर्यत जिंकली होती, त्याचा ‘एच. आर. डी.’ हा कारखाना लौकरच डबघाईस आला. १९२८ सालीं व्हिन्सेंटनें वडिलांच्या पैशानें तें नांव विकत घेतलें आणि लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज येथें कामास आरंभ केला. म्हणजे ज्या कारखान्याच्या गाड्यांवर आज लोक जीव टाकतात, त्याची पहिली मत्ता एका बुडालेल्या माणसाचें नांव हीच होती.

व्हिन्सेंटला फिल अर्व्हिंग नांवाचा ऑस्ट्रेलियन यंत्रज्ञ मिळाला. एका सिलिंडराच्या एंजिनाचीं दोन रेखाचित्रें टेबलावर एकमेकांवर तिरकस पडलेलीं पाहून, दोन सिलिंडरांचें एंजिन असेंच बसवितां येईल हें अर्व्हिंगला सुचलें, असें सांगतात. त्यांतून १९३६ ची ९९८ घनसेंटिमीटरांची ‘रॅपिड’ गाडी निघाली. तिच्या बाहेरून तेलाच्या इतक्या नळ्या गेल्या होत्या कीं, लोक तिला ‘नळवाल्याचें दुःस्वप्न’ म्हणत. युद्धापूर्वीं अशा ऐंशींहूनही कमी गाड्या झाल्या. युद्धानंतर त्या दोघांनीं नवीच रचना केली. नेहमींच्या लोखंडी सांगाड्यास फांटा देऊन तेलाची टांकी हाच गाडीचा कणा केला, आणि एंजिन त्याच्या खालीं टांगलें. १९४८ सालीं आलेल्या ‘ब्लॅक शॅडो’ गाडीचें एंजिन काळ्या रंगाचें होतें. ती ताशीं १२५ मैल जाई, आणि तिच्यावरील वेगदर्शक तबकडीवर आंकडे १५० पर्यंत होते. त्याच वर्षीं १३ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंतील बॉनव्हिल येथील खाऱ्या मैदानावर रॉली फ्री या स्वारानें खास तयार केलेली व्हिन्सेंट ताशीं १५०.३१३ मैल वेगानें पळविली. अंगावरील चामडी पोशाख वाऱ्यानें फाटून आड येऊं लागला, म्हणून तो काढून टाकून केवळ पोहण्याची चड्डी घालून, गाडीवर पालथा आडवा पडून, त्यानें हा विक्रम केला. त्या क्षणाचें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. या धर्तीवर शर्यतीकरितां निघालेल्या ‘ब्लॅक लाइटनिंग’ गाड्या सुमारें तीसच झाल्या. त्यांपैकीं १९५१ ची एक, जिच्यावर जॅक एहरेट यानें १९५३ सालीं ऑस्ट्रेलियाचा वेगविक्रम केला होता, २०१८ च्या जानेवारींत लास व्हेगस येथील लिलांवांत ९,२९,००० डॉलरांस गेली.

पण कारखान्याचें काय झालें? १९४९ सालींच त्याचा कारभार धनकोंच्या वतीनें नेमलेल्या रिसीव्हराच्या हातीं गेला होता. पुढें सांवरण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. जर्मन कंपनीच्या लहान गाड्या आणून विकूनही पाहिल्या. व्यर्थ! गाडी घडवावयास कुशल हात लागत, त्यांची मजुरी वाढत गेली, आणि त्या पैशांत थोडी भर घातली कीं सबंध कुटुंब बसेल अशी लहान मोटार मिळूं लागली. १९५५ च्या अखेरीस व्हिन्सेंट गाड्या कायमच्या बंद झाल्या. सर्व मिळून त्यांची संख्या सुमारें ११,००० भरली.

येथें आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. या गाड्या दुर्मिळ आहेत, असें लिलांवाच्या सूचीपत्रांत मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, आणि वाचणारा दुर्मिळपणा हा जणूं गाडीचा एक गुणच आहे असें समजतो. वस्तुतः दुर्मिळपणा हा गुण नव्हे. तीन हजारच गाड्या कां झाल्या? चवथा हजार विकला जाईपर्यंत कारखाना टिकला नाहीं म्हणून. लाइटनिंग तीसच कां? तितकेच घेणारे भेटले म्हणून. ज्या आंकड्याकडे आजचा संग्राहक कौतुकानें पाहतो, तोच आंकडा त्या वेळच्या हिशेबनीसानें उसासा टाकून लिहिला असेल. मेल्या म्हशीला मणभर दूध, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु येथें विशेष असा कीं, ही म्हैस जिवंतपणींही खरोखर मणभर दूध देत होती. तें विकत घेण्याची ऐपत व इच्छा असलेले लोक तेव्हां पुरेसे नव्हते, एवढेंच. आणि जेव्हां ते आले, तेव्हां दूध काढणारे हात उरले नव्हते. लास व्हेगसच्या ९,२९,००० डॉलरांतील एकही डॉलर ती गाडी घडविणाऱ्या कारागिराच्या घरीं गेला नाहीं. हें कोणाचें पाप नव्हे. बाजाराचा तो स्वभाव आहे. परंतु इतिहास लिहिणारानें किंमत व मोल यांतील हें अंतर दृष्टीआड करूं नये.

आतां अस्सलपणाचा प्रश्न पाहूं. नऊ लक्ष डॉलर जेथें पणास लागतात, तेथें तोतये निर्माण होणारच! सदाशिवरावभाऊंचा तोतया ज्यांच्या इतिहासांत होऊन गेला, त्या महाराष्ट्रीयांस हें निराळें सांगावयास नको. साधी रॅपिड काळ्या रंगानें रंगवून ब्लॅक शॅडो म्हणून पुढें करणें हें कांहीं अशक्य नव्हे. मग खरें-खोटें ओळखावें कसें? कागदांवरून आणि आंकड्यांवरून. युद्धोत्तर व्हिन्सेंटच्या दोन सिलिंडरी गाडीवर तीन ठिकाणीं क्रमांक ठोकलेले असतात: वरच्या सांगाड्यावर, मागच्या सांगाड्यावर व एंजिनावर. दोन सांगाड्यांचा क्रमांक एकच असावयास पाहिजे, आणि एंजिनाच्या क्रमांकांत १९०० मिळविले कीं सांगाड्याचा क्रमांक यावयास पाहिजे. शिवाय एंजिनाच्या क्रमांकाच्या आधीं जीं अक्षरें असतात, त्यांवरून ती रॅपिड, शॅडो कीं लाइटनिंग, हें कळतें. एवढ्यावर भागत नाहीं. कारखान्याच्या मूळ नोंदी मालकांच्या मंडळाकडे जपलेल्या आहेत; त्यांच्याशीं हे सर्व आंकडे ताडून पाहतात. ब्रफ गाड्यांचींही अशींच कारखान्याचीं नोंदपत्रें आहेत. मोडी सनदेवरील शक, हिजरी सन, शिक्का, मोर्तब व हस्ताक्षर यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहणाऱ्या आपल्या संशोधकांची रीत हीच नव्हे काय? गंजक्या लोखंडावरील चार आंकडे आणि जीर्ण वहींतील एक ओळ यांची भेट झाली, म्हणजे त्या लोखंडास साक्षीदाराची पदवी येते. स्टॅफर्डच्या ग्राहकानें काय घेतलें, या आमच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें कीं, त्यानें ती साक्ष घेतली.

परंतु यांतही एक मेख आहे. मोटारसायकल ही सनदेसारखी पेटींत ठेवण्याकरितां केलेली नसते. ती धांवते, झिजते, पडते, मोडते. शर्यतीच्या गाडीचें एंजिन तिच्या हयातींत कितीदां तरी बदललें जातें. १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील हौशी तरुणांनीं व्हिन्सेंटचीं एंजिनें काढून नॉर्टन गाडीच्या सांगाड्यांत बसविलीं, कारण नॉर्टनचा सांगाडा वळणांवर अधिक चांगला वागे. या संकरास ‘नॉरव्हिन’ असें नांव पडलें. १९६७ च्या सुमारास फ्रिट्झ एग्ली या स्विस कारागिरानें व्हिन्सेंटच्या एंजिनाकरितां स्वतःचा निराळाच सांगाडा रचला. सोंवळ्या मंडळींस त्या वेळीं हा भ्रष्टाचार वाटला. आज त्याच एग्ली-व्हिन्सेंट गाड्या संग्राहक शोधीत फिरतात. म्हणजे ज्यांनीं अस्सलपणा मोडला, त्यांचेंच काम कालांतरानें अस्सल ठरलें. उलट, जुनी गाडी चकचकीत करण्याच्या भरांत मूळचा रंग खरवडून टाकणाऱ्यांनीं केवढें नुकसान केलें, हें आतां लोकांस कळूं लागलें आहे; म्हणून हात न लावलेल्या, मूळ रंगाच्या गाडीस अलीकडे अधिक मान मिळतो. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं हेमाडपंती देवळांच्या दगडांवर तैलरंग फांसलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ही गोष्ट लगेच पटेल.

यावर कोणी म्हणेल, मग या गाड्या आहेत तशाच कांचेच्या कपाटांत ठेवाव्या. आम्हांस तें पूर्णांशानें मान्य नाहीं. लॉरेन्सच्या गाडीसारखी एखादी गाडी स्थिर राहिली तर तें योग्यच. ती दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजावर कोणी हिशेब लिहीत नाहीं. परंतु ब्रफची प्रत्येक गाडी रस्त्यावर कसाला लावून मगच गिऱ्हाइकास दिली जाई. तिचें मोल तिच्या धांवण्यांत होतें. बंद पडलेल्या यंत्राबरोबर तें चालविणाऱ्याची व दुरुस्त करणाऱ्याची विद्याही बंद पडते. कार्ब्युरेटर कसा लावावा, थंडींत किक कशी मारावी, कोणता आवाज आला असतां थांबावें, हें ज्ञान पुस्तकांत थोडें व हातांत फार असतें. आणि हात म्हातारे होतात. या दृष्टीनें व्हिन्सेंट मालकांच्या मंडळाचें काम आम्हांस लिलांवांतील उच्चांकांहून अधिक मोलाचें वाटतें. १९४८ सालीं स्थापन झालेल्या या मंडळाच्या सभासदांनीं पुढें सुट्या भागांची एक कंपनीच काढली. मूळ नकाशांवरून नवे भाग घडविण्याचें काम ती करीत आली आहे. केवळ या नव्या भागांतून एक संपूर्ण ब्लॅक शॅडो उभी करूनही तिनें दाखविली. ती गाडी अस्सल कीं नक्कल? लिलांवाच्या बाजारांत ती नक्कल ठरेल. पण जुन्या कारागिरांनीं कागदावर रेखिलेली वस्तु आजच्या हातांनीं तशीच पुनः करून दाखविली, हाही परंपरेचाच एक प्रकार आहे. गुरूचा राग शिष्य गातो, तेव्हां त्याला कोणी नक्कल म्हणत नाहीं.

दुर्मिळपणाच्या या चर्चेस आपल्या देशांतील एका गाडीची जोड दिल्यावांचून ती पुरी होणार नाहीं. रॉयल एनफील्ड ही ब्रफ-व्हिन्सेंट यांच्याच काळची विलायती कंपनी. तिची ‘बुलेट’ गाडी वेगांत त्यांच्या पासंगासही पुरणारी नव्हती. परंतु ती सोशिक होती, गांवच्या कारागिरासही दुरुस्त करतां येई, आणि हिंदी सैन्यास ती पसंत पडली. १९५५ सालीं मद्रास येथें तिची जुळणी सुरू झाली. विलायतेंतील मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला. बुलेटला कोणी दुर्मिळ म्हणत नाहीं, कारण ती जिवंत आहे. पुढें काळानें आणखी एक गंमत केली. विलायतेंतील बी. एस. ए. हें एकेकाळचें प्रचंड नांव २०१६ सालीं मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाकडे आलें, आणि २०२० सालीं नॉर्टन कारखाना मद्रासच्या टी. व्ही. एस. कंपनीनें घेतला. ज्यांच्या गाड्यांकडे आपल्या आजोबांनीं रस्त्याच्या कडेस उभें राहून पाहिलें, त्यांचीं नांवें आतां आपल्या माणसांच्या हातीं आहेत. नांव विकत मिळतें, हें तरुण व्हिन्सेंटनें १९२८ सालींच दाखविलें होतें. मात्र त्या नांवास अर्थ आणून देण्याकरितां त्यास पुढें सत्तावीस वर्षें राबावें लागलें, हेंही त्याबरोबर लक्षांत ठेवलें पाहिजे.

असो. लक्षावधि पौंडांचे लिलांव आमच्या वाचकांच्या वाट्यास येण्याचा संभव थोडा. परंतु ज्या कुटुंबांत हें मासिक वाचलें जातें, त्यांतील कित्येकांच्या अंगणांत, जिन्याखालीं किंवा गांवच्या वाड्यांत एखादी जुनी बुलेट, एखादी जावा अथवा येझदी गोणपाटाखालीं उभी असेल. घरांतील कर्ता पुरुष ती वापरीत असे. तो गेल्यावर किंवा थकल्यावर ती तेथेंच राहिली. दिवाळीच्या साफसफाईंत केव्हां तरी ती भंगारांत काढण्याचा विषय निघतो. तसें करण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य कराव्या, अशी आमची विनंति आहे. गाडीचें नोंदणीपुस्तक, पावत्या व जुनीं छायाचित्रें एका पाकिटांत घालून ठेवावीं, आणि एंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक त्यांवर लिहावे. दुसरें, ती कोणीं, कोणत्या सालीं, कशी पैसे साठवून घेतली, तिच्यावर बसून कोण कोठें गेलें, हें घरांतील वडील माणसांस विचारून एका कागदावर उतरून ठेवावें. गाडी पुढें ठेवणें न ठेवणें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. जागा कोणासच पुरत नाहीं. पण तो कागद कोणतीही जागा अडवीत नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें मिळविलीं, तीं कोणी तरी वेळेवर रद्दींत घातलीं नाहींत म्हणूनच त्यांच्या हातीं आलीं. कॉर्नवॉलच्या त्या कोठारांतील गाड्यांचेंही तसेंच. त्यांच्या मालकानें त्या चालविल्या नाहींत, दुरुस्तही केल्या नाहींत; फक्त मोडींत घातल्या नाहींत, आणि म्हणूनच आज आपणांस त्यांच्याविषयीं हें सर्व विचारतां आलें.